कल्याणी, निळं गेट, इचलकरंजी

"मॅडम, इचलकरंजीत यंत्रमागाच्या शेडमागे नाही असं एक घर दाखवा," मुजावर म्हणाले आणि त्यांनी खोकं परत माझ्या टेबलावर ठेवलं. "मग हे कुठं न्यायचं ते मी सांगतो."

मुजावर कुरियरच्या मिरज शाखेतले. रोज दुपारी साडेतीनला आमची पार्सलं उचलायला यायचे. वाद घालणारा माणूस नव्हता तो. त्यांनी खोकं परत ठेवलं म्हणजे काहीतरी खरोखरच बिघडलं होतं.

मी पत्ता पुन्हा वाचला. 'कल्याणी, यंत्रमागाच्या शेडमागे, नवीन वसाहत, पिठाच्या गिरणीपासून जवळ, निळ्या गेटचं घर, इचलकरंजी.'

"आडनाव?" मुजावरांनी विचारलं.

"दिलेलं नाही."

"फोन?"

"पाठवणाऱ्या बाईंचाच आहे. त्या कऱ्हाडच्या."

"म्हणजे आमच्या पोरानं इचलकरंजीत निळं गेट बघायचं आणि कऱ्हाडला फोन लावून विचारायचं, हेच का ते?" मुजावरांनी बाकीची पार्सलं पोत्यात भरली. "पाठवा म्हणाल तर पाठवीन मी. चार दिवसांनी परत येईल, चुरा होऊन."

चुरा होणार, यात शंका नव्हती. आम्ही हलव्याचे दागिने करायचो. साखरेच्या पाकात घोळवून काटा आणलेले दाणे दोऱ्यात ओवायचे आणि त्यांचं मंगळसूत्र, नथ, बाजूबंद, मुकुट करायचा. नव्या लग्नाची पहिली संक्रांत आली की मुलीला काळी साडी नेसवून हे दागिने घालतात. संक्रांत उलटल्यावर तोच माल म्हणजे मुंग्यांचं जेवण. त्या दिवशी संक्रांतीला सहा दिवस राहिले होते.

हलवा आणि ओवणं माझ्या धाकट्या जावेकडे, मंजिरीकडे होतं. माझ्याकडे पत्ते होते. ही वाटणी तिनंच केली होती. "ताई, तुमच्या हाताला काटा येत नाही, बोलण्याला येतो," ती म्हणाली होती. मी वीस वर्षं एका सहकारी बँकेत आवक-जावक विभागात काढलेली होती. माझ्या हातून गेलेलं एकही पत्र पत्त्याच्या कारणानं परत आलेलं नव्हतं. हे मी लोकांना सांगतही असे, बहुधा गरजेपेक्षा जास्त वेळा.

इंटरनेटवर दुकान उघडलं तेव्हा मला वाटलं होतं की अवघड काम हलव्याचं आहे. पहिल्याच हंगामात कळलं की महाराष्ट्रात मराठी माणसाला सगळं लिहिता येतं, फक्त स्वतःचा पत्ता लिहिता येत नाही. एकीनं लिहिलं होतं, 'आधीच्याच पत्त्यावर.' ती तिची पहिलीच ऑर्डर होती. एकानं लिहिलं, 'डॉक्टरांच्या वरती.' एका गृहस्थांनी 'पूर्वी टॉकीज होती तिथे' असं कळवलं होतं. टॉकीज पाडून सतरा वर्षं झाली होती आणि कुरियरचा पोरगा एकोणीस वर्षांचा होता. साताऱ्याच्या एका बाईंची खूण होती, 'दारात पांढरी गाडी उभी असते.' गाडी सकाळी नऊला कामावर जायची आणि तिच्याबरोबर घरही नाहीसं व्हायचं. फोन करून विचारावं तर लोक दुखावत. "अहो, कुणालाही विचारा, सांगतील," असं म्हणत. हे 'कुणीही' म्हणजे कोण, ते मला एकदाही भेटलं नाही.

म्हणून मी चौदा रकान्यांचा फॉर्म केला. घर क्रमांकापासून पिन कोडपर्यंत सगळं वेगवेगळं. एकही रकाना रिकामा ठेवला तर ऑर्डर पुढं सरकतच नसे. त्यात पर्यायी फोन नंबरसुद्धा सक्तीचा. नवव्या रकान्यात 'ओळखीची खूण' मागितली होती; तिथे नगरच्या एका तरुणानं 'डाव्या भुवईवर तीळ' असं भरलं. तरी माझा विश्वास ढळला नाही. मी रकान्याचं नाव बदलून 'घराजवळची ओळखीची खूण' केलं.

आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुपही होता, 'पत्ताग्रस्त संघ'. मालवणचे कोकमवाले, नाशिकचे बेदाणेवाले, कोल्हापूरचे चपलावाले, असे अठ्ठावन्न विक्रेते. दर शनिवारी 'आठवड्याचा पत्ता' निवडला जाई. ही कल्पना माझी. त्या दिवशी शनिवारच होता. मी कल्याणीचा पत्ता टाकला. फोन नंबर झाकला, बाकी सगळं तसंच. खाली लिहिलं, 'आडनाव गुप्त, गेट उघड.' अर्ध्या तासात चपलावाल्यांनी जाहीर केलं की वर्षाचा पत्ता ठरला, डिसेंबरपर्यंत थांबायची गरज नाही.

पत्ता जिंकला तरी पार्सल टेबलावरच होतं. मी कऱ्हाडला फोन लावला. बाईंचं नाव वत्सला पाटणे.

"मी मिरजेहून गाडगीळ बोलतेय, हलव्याचे दागिने. तुमचा पत्ता..."

"नकोत हो," पलीकडून ठसठशीत आवाज आला. "आम्हाला गहू नकोत. मागच्या महिन्यातच पोतं घेतलंय."

फोन बंद.

"गहू?" मी मंजिरीकडे पाहिलं.

"तिला वाटलं असेल, गहूवाला आहे," मंजिरी म्हणाली. तिची बोटं ओवत होती.

"मी गहूवाल्यासारखी बोलते का?"

मंजिरीनं पुढचा दाणा उचलला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला. पुन्हा गहू नको होते. या वेळी 'लोकवन असला तरी' नको होता. मी मेसेज केला: 'घर क्रमांक, गल्ली, पूर्ण नाव आणि पिन कोड कळवा. नाहीतर पार्सल संक्रांतीआधी पोचणार नाही.' उत्तर दुपारी आलं. 'मला एवढंच माहीत आहे. गेट निळं आहे नक्की. कृपा करून पोचवा. पहिलीच संक्रांत आहे तिची.'

'मग तिचा नंबर द्या.'

'तिचा नवा नंबर माझ्याकडे नाही.'

हे मी ग्रुपवर टाकलं. 'आईकडे मुलीचा पत्ता नाही, फोन नाही, आडनाव नाही. दागिन्यांची हौस मात्र आहे.' बेदाणेवाल्यांनी हसून डोळ्यांतून पाणी आलेली सात तोंडं पाठवली. कोकमवाल्या वहिनींनी विचारलं, 'मुलगी आहे हे तरी नक्की ना?' मी खूप हसले. हे आज लिहायला बरं वाटत नाही, पण हसले.

संक्रांतीला चार दिवस उरले. मुजावर साडेतीनला आले, त्यांनी खोक्याकडे पाहिलं आणि बाकीची पार्सलं उचलली. मी वत्सलाबाईंचा फॉर्म पुन्हा उघडला. घर क्रमांक, आडनाव, पिन कोड यांच्या रकान्यांत नुसती टिंबं होती; फोनच्या रकान्यात टिंब चालत नसे. बाराव्या रकान्यात पर्यायी नंबर होता, आणि अगदी खाली, जिथे लोक 'हॅपी संक्रांत' लिहितात, तिथे लिहिलं होतं, 'दुसऱ्या नंबरावर फोन करू नये.'

"करू नये, तर दिला कशाला?" मी म्हणाले.

"तुम्ही सक्तीचा केलाय म्हणून," मंजिरी म्हणाली.

"सक्ती उगीच केली का? अशाच वेळेसाठी केली."

"ताई, ती नको म्हणतेय ना."

"ती गहूही नको म्हणतेय. मी काय करू? ठेवू इथे? तू चार दिवस ओवलंस ते मुंग्यांना घालू?"

"थोडं थांबा. काहीतरी असेल."

"काही नसतं. आळस असतो," मी म्हणाले आणि नंबर फिरवला.

दुसऱ्याच घंटीला फोन उचलला गेला. "अच्युत पाटणे. निवृत्त भूकरमापक. बोला."

माणूस फोनवर हुद्द्यासकट नाव सांगतो, याचं मला बरंच वाटलं. आता काम होणार. "मी मिरजेहून हेमलता गाडगीळ. आपल्याकडून हलव्याच्या दागिन्यांची ऑर्डर आहे. पत्ता अपुरा असल्यानं पार्सल अडलंय."

"आमच्याकडून अशी कुठली ऑर्डर नाही."

"वत्सला पाटणे आपल्या कोण?"

"पत्नी."

"मग आहे. पार्सल कल्याणी यांच्या नावानं..."

"कल्याणी नावाचं इथं कोणी नाही."

"इथं नाहीच," मी म्हणाले. "त्या इचलकरंजीला आहेत." आणि माझ्या म्हणण्याला पुरावा म्हणून मी पूर्ण पत्ता वाचून दाखवला. यंत्रमागाची शेड, नवीन वसाहत, गिरणी, निळं गेट. वाचताना थोडा जोरही दिला, ऐकणाऱ्याला आपल्या बायकोची चूक कळावी म्हणून.

मंजिरीची बोटं थांबली होती. ती माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या बघण्यातून मला हळूहळू, एकेक करून, सगळं दिसायला लागलं. आडनाव का नव्हतं. नंबर का नव्हता. गहू का नको होते. दागिने सासरहून घालायचे असताना ते आईनं का मागवले, आणि तेही चोरून. चौदा रकाने भरून घेणारी मी, हे एवढं मला वाचता आलं नव्हतं. आणि आता जे त्या बाईनं लपवलं होतं, ते मी तिच्या नवऱ्याला खणखणीत आवाजात वाचून दाखवलं होतं.

"हॅलो?" मी म्हणाले. "काही चूक झाली असेल. मी रद्द करते. बाईंना काही..."

"काय काय आहे त्यात?"

आवाज पंचनामा करणाऱ्याचा होता. मी घाबरून यादी वाचली. "मंगळसूत्र, तन्मणी, नथ, बांगड्या, बाजूबंद, कंबरपट्टा, मुकुट. शिवाय हार, गुच्छ आणि नारळ."

"हार, गुच्छ कुणाला?"

"जावयांना."

"जावयांना, असं लिहिलंय?"

"तसंच लिहिलंय. 'मुलीचा आणि जावयांचा, दोन्ही सेट.'"

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. आतून बाईचा आवाज आला, "कुणाचा फोन हो?"

"गहूवाल्याचा," पाटणे म्हणाले. मग दार लोटल्याचा आवाज, चपलांचा आवाज, आणि रस्त्यावरून जाणाऱ्या रिक्षाचा. ते बाहेर आले होते.

"कागद आहे?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"लिहून घ्या. मी परत सांगणार नाही. कल्याणी..." इथं ते थांबले. मी पेन टेकवून बसले. "कल्याणी सुहास भंडारे."

मी लिहिलं.

"गट नंबर दोनशे अठरा, पोटहिस्सा चार. प्लॉट एकवीस. घराला नगरपालिकेचा नंबर अजून पडलेला नाही, अर्ज दिलेला आहे. चतुःसीमा लिहा. पूर्वेस सरकारी नाला. पश्चिमेस शिकलगार यांचं राहतं घर, एकमजली. दक्षिणेस बंद यंत्रमाग कारखान्याची भिंत. उत्तरेस वीस फुटी रस्ता, पण भरतो सतराच. लिहिलंत?"

"लिहिलं."

"गिरणीपासून जवळ म्हणतात ते चूक आहे. गिरण्या दोन आहेत. जवळच्या गिरणीपासून एकशे चाळीस पावलं. गिरणीकडे पाठ केली की डाव्या हाताला तिसरा रस्ता. कोपऱ्यावर सायकल दुरुस्तीवाला आहे, तो दुपारी दोन ते चार नसतो."

"दोन ते चार नसतो," मी लिहिलं. माझ्या चौदा रकान्यांत यातलं निम्मंही मावलं नसतं.

"गेट निळं आहे ते बरोबर. आत तुळस, आणि उजव्या हाताला बेल. ती वाजत नाही. दोनदा दाबून पाहिली. तुमच्या माणसाला सांगा, गेटची कडी जोरात वाजवायची. बेल दाबून थोडा वेळ उभं राहायचं आणि परत फिरायचं, असं करू नये."

मी पेन खाली ठेवलं. "तुम्ही गेला होतात?"

"मोजणीच्या कामानं गेलो होतो."

निवृत्त भूकरमापक, असं त्यांनीच दोन मिनिटांपूर्वी सांगितलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी समोरच्याची नोंद दुरुस्त केली नाही.

"पाठवणाऱ्याचं नाव तिचंच राहू द्या. वत्सलाचं," ते म्हणाले. "हे आपलं बोलणं घरी कळता कामा नये. ती विचारील, पत्ता कसा मिळाला. काहीतरी सांगा."

"काय सांगू?"

"ते तुमचं तुम्ही बघा. फोन तुम्ही केलात."

हे मात्र खरं होतं.

मंजिरीनं खोकं उघडून प्रत्येक दागिना पुन्हा कापसात बसवला. मी पत्ता तीन चिठ्ठ्यांवर लिहून खोक्याच्या तीन बाजूंना चिकटवला. मुजावरांना फोन केला तर ते अजून स्टँडजवळच होते, परत आले. त्यांनी चष्मा लावून पूर्ण मजकूर वाचला, चतुःसीमेसकट.

"मॅडम, हे पार्सल पोचवायचं की सातबारावर चढवायचं?"

"पोचवायचं. आणि पोराला सांगा, बेल दाबू नको, कडी वाजव."

"लिहिलंय की."

"तरी सांगा."

त्याच संध्याकाळी ग्रुपवर मी आठवड्याचा पत्ता मागे घेतला. नियमानुसार विजेता मागे घेता येत नव्हता, तो नियमही माझाच होता. बेदाणेवाल्यांनी कारण विचारलं. 'पत्ता सापडला,' मी लिहिलं. 'म्हणून काय झालं? गंमत तर गंमतच ना?' असं त्यांचं म्हणणं पडलं. मी त्यांना समजावू शकले नाही. खरं सांगायचं तर समजावलं नाही. दोन आठवड्यांनी ग्रुपमधून बाहेर पडले, तेव्हा चपलावाल्यांनी लिहिलं की गाडगीळबाई मोठ्या झाल्या.

भोगीच्या दिवशी, सकाळी अकराला, वत्सलाबाईंचा फोन आला. या वेळी गहू नव्हते. त्या बाजारातून बोलत होत्या, मागं भाजीवाले ओरडत होते.

"ताई, पोचलं! तिचा फोन आला मला. आठ महिन्यांनी आला हो. मंगळसूत्र घालून बघितलं म्हणाली, आणि..." पुढचं मला ऐकू आलं नाही. कुणीतरी वांगी मोजत होतं की त्या रडत होत्या, ते कळेना. मग म्हणाल्या, "पण तुम्हाला घर सापडलं कसं? मला खरंच माहीत नव्हतं. आमच्या भिशीतली एक तिकडं साड्या घ्यायला गेली होती, तिनं गेटापाशी तिला पाहिलं. ती जेवढं सांगू शकली, तेवढं मी लिहिलं. यांना विचारायची सोय नाही. यांच्यासमोर तिचं नावसुद्धा निघत नाही. यांना काही कळलं तर..."

"आमचे मुजावर फार हुशार आहेत," मी म्हणाले. "निळं गेट म्हटलं की पुरतं त्यांना."

"त्यांना माझ्याकडून तिळगूळ द्या हं."

"देते."

"आणि तुम्हाला त्रास झाला फार. पत्ता नीट लिहायला हवा होता."

"छे," मी म्हणाले. "पत्ता अगदी पुरेसा होता."

मंजिरीनं ओवता ओवता मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा खाली घातली.

यानंतर दोन वर्षं त्या घराशी आमचा काही संबंध आला नाही. तिसऱ्या जानेवारीत, एकाच आठवड्यात, दोन ऑर्डरी आल्या. दोन्ही बोरन्हाणाच्या. लहान मुलाची पहिली संक्रांत झाली की त्याला इवलासा मुकुट, बाजूबंद, बासरी घालून डोक्यावरून बोरं, चुरमुरे, हलवा ओततात, तो सेट.

पहिली ऑर्डर वत्सलाबाईंची. आता त्यांना मुलीचा नंबर ठाऊक होता, पत्ता विचारता येत होता, सगळं होतं. पत्त्याच्या रकान्यांत टिंबं देऊन एकात त्यांनी लिहिलं होतं, 'आधीच्याच पत्त्यावर. गेट आता हिरवं आहे.' पर्यायी नंबर नवऱ्याचा. शेवटी सूचना, 'दुसऱ्या नंबरावर फोन करू नये.'

दुसरी ऑर्डर दोन दिवसांनी आली. चौदाच्या चौदा रकाने भरलेले. नगरपालिकेचा घर नंबर पडला होता, तोही घातलेला. रस्ता सतराचा वीस फूट झाला होता, अतिक्रमण काढल्याच्या तारखेसह. पर्यायी नंबर वत्सलाबाईंचा, आणि त्यापुढे, 'या नंबरावर फोन करू नये.'

मंजिरीनं दोन्ही फॉर्म शेजारी शेजारी ठेवून वाचले. "ताई, सांगून टाकू या का दोघांना? एका घरात बसून दोघं एकमेकांपासून चोरतायत. पोराला काय दोन मुकुट घालणार?"

"घालू देत."

"एका खोक्यात तरी पाठवू?"

"नको. वेगवेगळी. दोन दिवसांच्या अंतरानं."

मी चिठ्ठ्या छापायला बसले. वत्सलाबाईंच्या पार्सलावर मी माझ्या हातानं पूर्ण पत्ता घातला. दुसऱ्या पार्सलाला काही करावं लागणार नाही, असं मला वाटलं होतं. पण छापायच्या आधी सवयीनं एकेक रकाना तपासत गेले, तेव्हा तेराव्यापाशी थांबले. 'पाठवणाऱ्याचं पूर्ण नाव, आडनावासह.' इतकी वर्षं हद्दी मोजत आलेल्या त्या माणसानं तिथं एकच शब्द लिहिला होता. 'आजोबा.'

माझ्या नियमानं ती ऑर्डर अपुरी होती. मी ती तशीच छापली.